नाव, नामी आणि अलायस

अलायस म्हणजे आज्ञेला वापरणाऱ्याने दिलेले दुसरे नाव. युनिक्स आणि तिच्या घराण्यातल्या लिनक्ससारख्या प्रणालींत माणूस आज्ञा टंकतो, शेल नावाचा प्रोग्रॅम ती ओळ वाचतो आणि यंत्राकडून काम करवून घेतो. फायलींची यादी दाखवणाऱ्या आज्ञेचे नाव 'एलएस'. उबंटू लिनक्सच्या तयार मांडणीत तिच्यासाठी 'एलएल', 'एलए' आणि नुसते 'एल' अशी तीन नावे आधीच लिहून ठेवलेली असतात. ती बदलता येतात, खोडता येतात, त्यांत हवी तेवढी भर घालता येते. बर्कली येथे बिल जॉय यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस रचलेल्या सी शेलमधून ही सोय सर्वदूर गेली. ब्रायन फॉक्स यांनी १९८९ साली आणलेल्या बॅश या शेलमध्ये ती त्याहून साध्या रूपात आहे.

शेल हे काम अर्थ समजून करत नाही. आज्ञेच्या जागी आलेला शब्द त्याच्या यादीत सापडला, तर तो काढून तिथे ठरलेली अक्षरे ठेवतो. ओळीचा अर्थ लावणे हे त्यानंतरचे काम. तोच शब्द ओळीत पुढे एखाद्या फायलीचे नाव म्हणून आला, तर शेल सहसा त्याला हात लावत नाही. एवढ्याशा या व्यवस्थेत भारतीय दर्शनांनी दोन हजारांहून अधिक वर्षे चर्चिलेला एक प्रश्न उभा राहतो. नाव आणि ज्याचे ते नाव, म्हणजे नामी, यांचे नाते कसले? ते वस्तूबरोबरच जन्मते, की कोणाच्या तरी इच्छेने जोडले जाते? एका वस्तूची अनेक नावे असली, तर ती सारी सारख्याच तोलाची असतात का? आणि भक्त ज्या नावाने देवाला हाक मारतो, तेही असेच ठेवलेले नाव आहे का?

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे शिरूर आणि दौंड हे तालुके या प्रश्नाच्या उदाहरणांनी भरलेले आहेत. शिरूर गावाला भोवतालची माणसे घोडनदी म्हणतात. बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आहे. गल्लत टाळण्यासाठी शिरूरपुढे कंसात घोडनदी लिहिण्याची रीत त्यातूनच पडली. शिरूर तालुक्यातच रांजणगाव दोन आहेत, एक गणपतीचे आणि एक सांडस. दौंडला इंग्रजी अमदानीच्या कागदपत्रांत धोंड म्हटले जाई. मनमाडकडे जाणारा लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला तो धोंड–मनमाड या नावाने. गावाच्या नावाचे इंग्रजी लेखन बदलले, तरी रेल्वेच्या दफ्तरी स्थानकाची खूण 'डीडी' हीच आहे. तिकिटाच्या यंत्राला ती दोन अक्षरे पुरतात, फलाटावर उतरणाऱ्याला मात्र 'दौंड' हेच नाव लागते. या सगळ्यांत भीमेचे उदाहरण सर्वांत बोलके. दौंडच्या काठाने जाणारे पाणी भीमेचे, पंढरपुरात वाळवंटापाशी पोहोचल्यावर तेच चंद्रभागेचे. पंढरपुरात स्नान करणाऱ्याला 'हे पाणी भीमेचे' असे सांगितले तर ते खोटे ठरत नाही, पण त्याने जे नाव घेतले त्यातला भाव त्या वाक्यात येत नाही.

संक्षेपासाठी नाव ठेवण्याची कल्पना या देशात शेलहून फार जुनी आहे. पाणिनीच्या 'अष्टाध्यायी'ची सुरुवातच संज्ञा ठरवण्याने होते. 'तर' आणि 'तम' या प्रत्ययांना तो 'घ' म्हणतो, 'दा' आणि 'धा' या रूपांच्या धातूंना 'घु' म्हणतो, शब्दातल्या शेवटच्या स्वरापासून पुढच्या भागाला 'टि' म्हणतो. या एकाक्षरी नावांना व्यवहारात काही अर्थ नाही. सूत्र लहान व्हावे, पाठ करणाऱ्याची जीभ कमी शिणावी, एवढ्यासाठी ती आहेत. बेल लॅब्जमध्ये १९६९ पासून केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या युनिक्सच्या आज्ञाही दोन-तीन अक्षरी निघाल्या, त्यामागेही मंद टेलिटाइप यंत्रांवर टंकण्याचे कष्ट होते. पाणिनी मात्र एक पाऊल पुढे जातो. त्याने एक नियम घालून दिला: व्याकरणात एखादा शब्द उच्चारला, तर तो आपल्या अर्थाचा नव्हे तर स्वतःच्या रूपाचा बोध करून देतो; अपवाद फक्त शास्त्राने ठरवलेल्या संज्ञांचा. म्हणजे 'अग्नी'विषयी नियम सांगितला तर तो 'अग्नी' या शब्दाला लागतो, विस्तवाला नाही; पण 'घु' म्हटले की 'घु' हे अक्षर न घेता त्यामागचे धातू घ्यायचे. नाव कुठे उघडायचे आणि कुठे मिटलेले ठेवायचे, याचा हा पहिला स्पष्ट विचार म्हणावा लागेल.

शेलमध्ये हीच निवड वापरणाऱ्याच्या हाती दिलेली आहे. आज्ञेच्या आधी एक उलटी तिरकी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश, टंकली की अलायस बाजूला राहते आणि शब्द स्वतःच्या रूपातच घेतला जातो. पाणिनीच्या संज्ञा त्याच्या शास्त्राबाहेर चालत नाहीत, तशीच अलायसलाही हद्द असते. ते चालू बैठकीपुरते जगते. टिकवायचे तर वापरणाऱ्याच्या घरच्या 'बॅशआरसी' नावाच्या फायलीत लिहून ठेवावे लागते. एका फायलीत आज्ञा लिहून ती स्क्रिप्ट म्हणून चालवली, तर बॅश तिथे अलायस आपणहून उघडत नाही, कारण स्क्रिप्ट दुसऱ्याच्या यंत्रावरही चालायची असते. खाजगी बोली आणि सार्वजनिक बोली यांच्यातली ही सीमारेषा ज्यांनी आखली, त्यांना भाषेची चांगली जाण होती.

अशा ठरवून दिलेल्या नावांना बळ कुठून येते? मीमांसा दर्शनाच्या अनुयायांचे, म्हणजे मीमांसकांचे, उत्तर ठाम आहे: शब्द आणि अर्थ यांचा संबंध कोणी जोडलेला नाही, तो मुळातलाच आहे. अलायसपुढे हे उत्तर टिकत नाही, आणि मीमांसकांनाही माणसाने ठेवलेल्या नावांची अडचण जाणवतच होती. न्यायदर्शन मानणारे नैयायिक अधिक उपयोगी पडतात. त्यांच्या मते 'या शब्दाने हा अर्थ कळावा' अशी इच्छा म्हणजेच शब्दाची शक्ती. सतराव्या शतकात नवद्वीपच्या जगदीश तर्कालंकारांनी 'शब्दशक्तिप्रकाशिका' या ग्रंथात संकेताचे दोन प्रकार मांडले: अनादी काळापासून चालत आलेला तो आजानिक आणि माणसाने नव्याने ठरवलेला तो आधुनिक. 'नदी' हा शब्द पहिल्या वर्गातला, पाणिनीने काही स्त्रीलिंगी शब्दांना दिलेली 'नदी' ही संज्ञा दुसऱ्या वर्गातली. एकच शब्द, दोन संकेत, आणि दोन्ही खरे.

'जीएस' या दोन अक्षरांचे अनेकांच्या यंत्रावर असेच होते. ती मुळात घोस्टस्क्रिप्ट या छपाईसंबंधीच्या प्रोग्रॅमची आज्ञा. पण गिट नावाचा प्रोग्रॅम वापरणारे कित्येक जण 'गिट स्टेटस' ही आज्ञा लिहिण्याचा त्रास वाचवण्यासाठी याच अक्षरांचे अलायस करतात. त्या क्षणापासून त्या माणसाच्या शेलमध्ये आधुनिक संकेत आजानिकावर मात करतो, कारण शेल अलायसची यादी आधी पाहतो आणि डिस्कवरचे प्रोग्रॅम शेवटी शोधतो. घोस्टस्क्रिप्ट कुठेही गेलेले नसते. त्याचे नाव तेवढे झाकले गेलेले असते.

नैयायिकांनी तर्कातले काही दोष नावानिशी सांगितले आहेत, त्यांतले चार इथे थेट लागू पडतात. एखादी गोष्ट सिद्ध करायला तीच आधार म्हणून घेतली तर आत्माश्रय. दोन गोष्टी एकमेकींवर टेकल्या तर अन्योन्याश्रय. तीन किंवा अधिक गोष्टी गोल फिरून पहिलीवर आल्या तर चक्रक. आणि आधारामागे आधार असा शेवटच लागला नाही तर अनवस्था. आता 'एलएस' याच नावाचे अलायस करून त्याचा विस्तार 'रंगासह एलएस' असा लिहिला, तर विस्तारात पुन्हा 'एलएस' आहेच. शेलने ते पुन्हा उघडले, त्यातले पुन्हा उघडले, तर ओळ कधीच संपणार नाही. प्रत्यक्षात असे अलायस जवळपास प्रत्येक लिनक्सवर असते आणि काही बिघडत नाही. नियम असा की ज्या नावाचा विस्तार चालू आहे, ते नाव त्याच विस्तारात पुन्हा आले तर उघडायचे नाही. दोन अलायस एकमेकांकडे बोट दाखवत असली तरी एक फेरी होऊन शेल थांबतो आणि उरलेल्या शब्दाची खरी आज्ञा शोधायला निघतो. तर्काने दोष दाखवून दिला तिथे व्यवहाराने नियम घातला. नैयायिकांचाही आग्रह हाच होता: प्रमाणांची साखळी कुठेतरी थांबलीच पाहिजे, नाहीतर ज्ञान होणारच नाही.

साखळी थांबते ती जागा तरी नावापलीकडची आहे का? अलायसखाली आज्ञेचे नाव, आज्ञेच्या नावाखाली फायलीचा मार्ग. युनिक्समध्ये फायलीचे नाव फायलीत नसतेच, ते निर्देशिकेत असते. तिथे नावासमोर फक्त आयनोडचा क्रमांक लिहिलेला असतो, आणि आकार, मालकी, तारखा, मजकुराच्या जागा हे सारे त्या आयनोडपाशी. एकाच आयनोडला दोन, चार, दहा नावे देता येतात. त्यांना हार्ड लिंक म्हणतात. त्या नावांत मूळ कोणते आणि उर्फ कोणते हे यंत्रालाही सांगता येत नाही, सगळी समान. त्याउलट सिम्बॉलिक लिंक हे नावाकडे बोट दाखवणारे नाव असते, आणि समोरचे नाव खोडले की ते लटकत राहते. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी श्वेतकेतूला सांगतो, की मातीची भांडी निरनिराळी दिसली तरी फरक नावापुरता आहे आणि सत्य ती माती. आयनोडपर्यंत आलेल्याला हा उपदेश ओळखीचा वाटेल. पण घाईने बरोबरी करू नये. आयनोडचा क्रमांकही त्या एका फाइलप्रणालीपुरताच खरा असतो. दुसऱ्या डिस्कवर तोच क्रमांक भलत्याच फायलीचा. आणि शेवटचे नाव खोडले गेले, ती फाइल कोणी उघडून बसलेले नसले, की तिची जागा मोकळी केली जाते. उपनिषदातली माती मडके फुटले म्हणून नाहीशी होत नाही.

देवाच्या नावांचा विचार इथून सुरू करता येतो. रांजणगावचा गणपती अष्टविनायकांपैकी एक, त्याचे नाव महागणपती. क्षेत्रकथा सांगते की त्रिपुरासुराशी लढताना शंकराला यश येईना, कारण आरंभी गणेशाचे पूजन राहून गेले होते. ते झाल्यावर असुराचा वध झाला आणि शंकराने तिथे गणेशाची स्थापना केली. गावाचे जुने नाव मणिपूर, असेही कथेत येते. दौंड तालुक्याच्या हद्दीवरून भीमा ओलांडली की पलीकडे अहिल्यानगर जिल्ह्यातले सिद्धटेक. तिथला गणपती सिद्धिविनायक, मधु-कैटभांशी लढणाऱ्या विष्णूला सिद्धी देणारा. भाविक दोन्हीकडे एकाच गणपतीला नमस्कार करतो, पण नावे अदलाबदल करून चालत नाहीत. नारदाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या संकटनाशन स्तोत्रात गणेशाची बारा नावे आहेत. वक्रतुंड म्हटले की सोंड दिसते, एकदंत म्हटले की दात, लंबोदर म्हटले की पोट, भालचंद्र म्हटले की कपाळावरचा चंद्र. विष्णुसहस्रनामात काही नावे पुन्हा येतात, तिथे शंकराचार्यांच्या नावावर असलेले भाष्य प्रत्येक वेळी वेगळा अर्थ लावते. नुसती पुनरुक्ती त्या परंपरेला मान्य नाही.

अलायसची चांगली यादीही अशीच असते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. 'एलए' लपलेल्या फायलीही दाखवते. 'एलएल' त्यांच्यासह प्रत्येकीचा मालक, आकार आणि वेळ सांगते. 'एल' नुसती नावे स्तंभांत मांडते. तिन्ही नावांमागे आज्ञा एकच 'एलएस', पण प्रत्येक नावाने तिचे वेगळे अंग पुढे येते. ज्या अलायसने काहीच नवे दिसत नाही, फक्त दोन अक्षरे वाचतात, ते कमी दर्जाचे मानावे. यादी फुगते आणि वर्षभराने कोणते नाव कशाचे हेच आठवत नाही.

एवढे साम्य असले तरी नामस्मरणाला अलायसचा नमुना लागू पडत नाही, आणि हा फरक या विषयाचा गाभा आहे. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी दौंड तालुक्यातून जाते. यवत आणि वरवंड हे तिचे मुक्काम, पुढे पाटस ओलांडून रोटीचा घाट. त्या वाटेवर 'माउली' हा शब्द अखंड कानी पडतो. माउली म्हणजे ज्ञानेश्वर महाराज, माउली म्हणजे विठ्ठल, आणि पाण्याचा तांब्या पुढे करणारा अनोळखी माणूसही माउलीच. शेलच्या नियमाने पाहिले तर एका नावाला इतके विस्तार असूच शकत नाहीत. शेवटचा लिहिलेला तेवढा खरा, आधीचे पुसले गेले. वारकऱ्याला मात्र त्यात विसंगती दिसत नाही, कारण नाव आणि नामी वेगळे नाहीत ही त्याची धारणा आहे. नामदेवांपासून तुकोबांपर्यंत सर्व संतांनी नामाचा महिमा याच पायावर उभा केला.

अलायस विस्तारानंतर नाहीसे होते. आज्ञा चालवणाऱ्या यंत्राला 'एलएल' कधी कळतही नाही. त्याच्यापर्यंत पोहोचते ते 'एलएस'. नाव तिथे निरोप्या आहे, निरोप पोहोचला की त्याचे काम संपले. शिवाय अलायसचा हेतू श्रम वाचवणे हा असतो. नामस्मरणात वाचवायचे काहीच नसते. नाव घेणे हेच साधन आणि तेच साध्य, म्हणून ते पुन्हा पुन्हा घ्यायचे. नैयायिकांच्या संकेताने किंवा पाणिनीच्या संज्ञेने हे स्पष्ट होत नाही, कारण तिथे नाव कितीही समर्थ असले तरी ते अर्थाकडे नेणारेच असते. ज्यांना देवाची नावे म्हणजे नुसती लेबले वाटतात, त्यांनी वारकऱ्यांचे म्हणणे आधी नीट समजून घ्यावे आणि मग नाकारावे. ते म्हणणे भाबडे नाही, भाषेच्या दुसऱ्या एका उपयोगाविषयीचे आहे.

गुरुमंत्र आणि वारकऱ्यांचे नाम यांच्यातला भेदही इथे नोंदवायला हवा. मंत्र एका शिष्याच्या कानात सांगितला जातो, तो त्याच्यापुरता असतो, इतरांना कळू द्यायचा नसतो. 'रामकृष्णहरी' उघड्या रस्त्यावर, कोणत्याही जातीच्या माणसाने, दीक्षेवाचून म्हणायचा. खाजगी नाव आणि सर्वांचे नाव या दोन्ही परंपरा हिंदू धर्मात आहेत. वारकरी पंथाने जाणूनबुजून दुसरी निवडली आणि महाराष्ट्राच्या समाजजीवनावर तिचा फार मोठा परिणाम झाला.

नाव माणसाला फसवूही शकते. फाइल खोडणारी आज्ञा 'आरएम' विचारल्याशिवाय खोडते. रेड हॅट घराण्यातल्या प्रणालींत मूळ प्रशासकाच्या खात्यासाठी 'आरएम'चे अलायस 'आधी विचारणारी आरएम' असे करून ठेवण्याची जुनी पद्धत आहे. हेतू चांगला. पण महिनोन्महिने तसे वापरणाऱ्याच्या मनात 'आरएम विचारते' असे पक्के बसते. तोच माणूस अलायस नसलेल्या यंत्रावर बसला, की आज्ञा काहीही न विचारता आपले काम करून मोकळी होते. एका वस्तूचा धर्म दुसरीवर लादणे याला शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या प्रस्तावनेत अध्यास म्हटले. सावधपणा अलायसचा होता, तो आज्ञेचा मानला गेला. यावर उपाय म्हणून प्रशासक अशी सवयीची नावे झाकण्याऐवजी वेगळे नाव ठेवायला सांगतात; मग परक्या यंत्रावर ते नाव सापडत नाही एवढेच होते, नुकसान होत नाही. आपल्या शेलमध्ये एखाद्या शब्दामागे काय आहे हे 'टाइप' या आज्ञेने पाहता येते. ते पाहण्याची सवय असणाऱ्याला अध्यास सहसा होत नाही.

माणसांच्या नावांकडे वळले की प्रश्नाला नैतिक बाजू येते. विश्वनाथ पंचाननांच्या 'न्यायसिद्धान्तमुक्तावली'त हा विषय आला आहे. जुन्या नैयायिकांपुढे पेच होता: शक्ती ईश्वराच्या इच्छेत असेल, तर बापाने काल ठेवलेल्या नावात ती कुठून आली? त्यांनी शास्त्राच्या आज्ञेचा आधार घेतला. बापाने अकराव्या दिवशी नाव ठेवावे असे शास्त्र सांगते, म्हणून त्या नावातही ईश्वरेच्छा आहे. नव्यांनी हे वळण टाळले. त्यांच्या मते इच्छा असली की पुरे, ती ईश्वराचीच हवी असे नाही. मराठी घरांत बारशाला ठेवलेले व्यवहारातले नाव एक आणि पत्रिकेतले राशीचे नाव दुसरे, अशी दोन नावे असतात. दुसरे फक्त धार्मिक कार्यात उच्चारले जाते. प्रत्येकाची हद्द ठरलेली, त्यामुळे भांडण नाही.

लग्नात मात्र वधूचे नाव बदलण्याची चाल आहे. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने त्यावर नवे नाव लिहितो. इथे जिचे नाव बदलते तिची इच्छा कोणी विचारत नसे. नव्य नैयायिकांचे तत्त्व मान्य केले तर नवऱ्याच्या इच्छेनेही संकेत जुळतो, नाव लागू होते. पण नाव लागू होणे आणि ते ठेवण्याचा अधिकार असणे या दोन गोष्टी आहेत, आणि दर्शनांनी पहिलीचीच चर्चा केली. शेलच्या रचनेत दुसऱ्या गोष्टीलाही जागा आहे. डेबियन आणि उबंटूमध्ये प्रशासकाने सर्वांसाठी लिहिलेली फाइल आधी वाचली जाते आणि वापरणाऱ्याच्या घरची फाइल नंतर. दोन्हींत एकच नाव असले तर नंतरचे, म्हणजे वापरणाऱ्याचे, ठरते. नको असलेले नाव 'अनअलायस' या आज्ञेने काढून टाकण्यासाठीही कोणाची परवानगी लागत नाही.

माहेरचे नाव कायम ठेवणाऱ्या किंवा पुन्हा लावणाऱ्या स्त्रिया आता शिरूर-दौंडकडेही आहेत. नाव कागदोपत्री बदलायचे तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात जाहिरात द्यावी लागते. राजपत्रात जुने नाव आणि नवे नाव शेजारी शेजारी छापले जाते, आणि शाळेचा दाखला जुन्या नावाचा, बँकेचे खाते नव्या नावाचे असे असले तर दोन्ही एकाच व्यक्तीची आहेत हे त्या पानाच्या प्रतीवरून दाखवता येते.